केरूच्या तोंडावरचा पांढरा रंग

मी, खंडेराव फकिरा मौले, वय ६१, तोफखान्यातून निवृत्त, धंदा चित्रकला, राहणार मखमलाबाद, नाशिक, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. अक्षर थरथरतं, पण ते बहात्तर सालापासून तसंच आहे. १९९८ साली केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात मी सगळं पुतण्या महेशला दिलं होतं.

१. राहतं घर व मागचा पत्र्याचा स्टुडिओ मुलगी मंजुषा हिला. शेवंतीचं अर्धा एकर रान धाकट्या भावाला, म्हणजे महेशच्या बापाला. भाऊ ते कसतोच आहे, आणि मुलाचे उद्योग बापाच्या नावावर मांडण्याइतका मी हलकट नाही.

२. महेशला माझे सर्व ब्रश. त्याचा हात चांगला आहे, हे नाकारलं तर मीच खोटा ठरेन. चित्र मात्र एकही नाही.

कारण लिहिणं भाग आहे. माझी पद्धत अशी: गव्हाच्या पिठाची खळ करून दोन कागद एकमेकांना जोडायचे, ते प्लायवर डकवायचे, त्यावर तैलरंगात एक चेहरा पूर्ण रंगवायचा आणि वाळला की भिंतीचा पांढरा डिस्टेंपर हातावर हात देऊन तो झाकायचा. पाहणाऱ्याला पांढरं दिसतं आणि मधे जोडाची रेष. जाणकारांनी तिला क्षितिज म्हटलं, कोणी फाळणी म्हटलं. मी मान डोलावली. खाली सात जवानांची तोंडं आहेत आणि ते एकाहत्तरच्या लढाईत माझ्यासमोर गेले, एवढंच महेशला ठाऊक होतं. अकरा वर्षं तो माझ्याकडे शिकला. कोणाला सांगणार नाही, अशी माझ्या बापाची शपथ त्याने घेतली होती.

गेल्या जानेवारीत शहरात माझं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला, लोकांसमोर, या पोराने ओलं फडकं घेऊन एका चित्रावरचा डिस्टेंपर पुसून काढला. टाळ्या पडल्या. मी त्याचा हात धरला तर म्हणाला, "काका, झाकलेलं कोण बघणार? तुमच्याच भल्यासाठी केलं." दुसऱ्या दिवशी तो चेहरा पेपरात. मला त्याचा आजही संताप येतो. घरात वाढवलेल्या माणसाने माझा विश्वास चारचौघांत पुसून टाकला.

३. तो चेहरा विंचूरच्या केरू दरेकरचा होता. पायदळातला. रजेवर येताना नाशिक रोडला एकाच गाडीतून उतरायचो, तिथली आमची दोस्ती. तो गेल्यावर त्याची बायको चंद्रभागा हिने मला भाऊ मानलं. बत्तीस वर्षं दर भाऊबीजेला मी विंचूरला जातो, ती ओवाळते, मी लुगडं नेतो.

पेपर घेऊन ती प्रदर्शनात आली. चित्रासमोर पुष्कळ वेळ उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, त्यांचंच तोंड हाय. पण तुमी ते झाकलं का व्हतं?" मी म्हणालो, "चित्रात असंच करतात, बाई." तिला ते पटलं. तिला माझं सगळंच पटत आलं आहे.

४. आता जे नवसाबाईला, माझ्या बायकोला, ती जाईपर्यंत सांगितलं नाही ते लिहितो.

नकाशावर अंतर मोजून तोफांना सांगणं हे माझं काम. त्या पहाटे आमची तुकडी एका नकाशाच्या कडेला होती आणि शत्रूची टेकडी दुसऱ्या नकाशावर. मी दोन्ही नकाशे खळीने जोडले. घाई होती, धुकं होतं. वरचा कागद खालच्यावर नखभर जास्त चढला. नखभर कागद म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. अंतर कमी भरलं आणि गोळे टेकडीच्या अलीकडे, चढणाऱ्या आपल्याच माणसांवर पडले. त्यांना खाली आणायला मीही गेलो, म्हणून तोंडं पाठ आहेत.

आमच्या कॅप्टनने जोडलेला नकाशा माझ्या हातातून घेऊन शेगडीत घातला. "दुश्मन का फायर था, समझे?" मला वाटलं, याने मला वाचवलं. खरं तर त्याने मला कबूल करायची जागाच ठेवली नाही. त्याच्यावर माझा राग आहे. पण बत्तीस वर्षं विंचूरला जाऊन जेवलो तो मी, कॅप्टन नव्हे.

५. माझ्यामागे वरील मजकूर मंजुषाने चंद्रभागेला वाचून दाखवावा व केरूचं चित्र द्यावं.

(हे कलम मी खोडलं आहे. मंजुषाने मसुदा वाचला आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही गेल्यावर सांगायचं? मग ती भांडणार कोणाशी?")

६. परवा, शनिवारी, चित्र घेऊन विंचूरला गेलो आणि कलम चार स्वतः वाचलं. चंद्रभागा कांदे निवडत होती. वाचून संपलं तरी तिचे हात चालू होते. मग थांबले.

"म्हंजे त्या पल्याडच्या लोकांनी नाय मारलं?"

"नाही."

"बत्तीस वर्सं मी त्यास्नी शिव्याशाप दिले. त्यांची पोरं मरू दे म्हनले. देवाम्होरं बसून म्हनले, भाऊ. अन् तुमी माझ्याच ताटावर बसून ऐकत व्हता."

मी पाय धरायला वाकलो. तिने पाय मागे घेतले.

"तोंड ठिवा हितं. त्ये माझं हाय. तुमी उठा. भाऊबीजेला येऊ नका."

मी चित्र तिच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि निघालो. त्या चित्रावर माझ्या वारसांपैकी कोणाचाही हक्क नाही.

७. उरलेले सहा चेहरे मंजुषाने त्यांच्या त्यांच्या घरी पोचवावेत. पत्ते लोखंडी पेटीत आहेत. सोबत कलम चारची नक्कल द्यावी. जमेल तितक्या घरी मी स्वतः जाणार आहे. जी राहतील तीच तिने करावीत.

८. माझा दहावा इथेच गंगेवर, गोदाकाठी व्हावा, थोडक्यात. चंद्रभागेला निरोप धाडू नये, तिला त्रास देऊ नये. पण ती आपण होऊन आली आणि काही बोलू लागली, तर भटजींना थांबवावं आणि तिचं पूर्ण बोलून होऊ द्यावं.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

खंडेराव फकिरा मौले

साक्षीदार, ज्यांना या मिळकतीतून काही मिळत नाही:
डॉ. प्रतिभा सोनवणे, मखमलाबाद
ललित काठे, शेजारी

नाशिक, सोमवार, ता. १४ जून २००४