कागदाखालची बांगडी

४ जुलै १९३८, बुलढाणा

मॅट्रिकच्या वर्गासाठी जुन्या शब्दांची यादी करायला घेतली — मिरास, महजर, गोतसभा, कौल, फारखती. इतिहासाच्या पुस्तकात हे शब्द पानोपानी येतात. मुलं ते पाठ करतात, पण त्यांना कळत नाहीत.

आज मिरास सांगितली. गावातला पिढीजात हक्क. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला, वीस-तीस वर्षांनी परतला, तरी जमीन त्याची त्याला मिळे. एवढं सांगून तास लवकर सोडला. खडू हातात तसाच.

अन्नपूर्णा लोणारला माहेरी गेली, त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील.

९ जुलै

देऊळगाव राजाच्या पंजाबराव पाटलांनी घरातला जुना महजर आठ दिवसांसाठी दिला आहे. मोडीत आहे. पाटीलकीच्या वाटणीचा निवाडा — सगळा गाव बसवून केलेला, आणि खाली बसलेल्यांच्या निशाण्या. लिहिता न येणारा आपल्या कामाची खूण काढी. कुणब्यांचे नांगर, शिंप्याची कात्री. मुलं वाकून वाकून पाहत होती.

शेवटी एक गोल आहे. शिक्का असावा, मधली अक्षरं झिजली असावीत, असं सांगितलं.

खात्री नव्हती. तरी सांगितलं.

१७ जुलै

महजर परत द्यायला मोटारीने देऊळगाव राजाला गेलो. पंजाबरावांच्या आत्या मनकर्णाबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. मी त्या गोलाचं विचारलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शिक्का कुठचा मास्तर? बांगडी हाय ते. आमच्या थोरल्या पाटलीणबाईची. तिले इचारल्याबगर वाटणी होत होती काय?" आणि निवडलेली भाजी सुपात टाकत म्हणाल्या, "एवढे शिकले, अन् बाईचा शिक्का करून टाकला!"

मी चहाही नीट प्यालो नाही.

१८ जुलै

वर्गात चूक कबूल केली. फळ्यावर बांगडी काढली, खाली लिहिलं — तिच्या संमतीवाचून निवाडा पुरा नाही.

मधल्या सुट्टीत गणिताचे उत्तमराव सगळ्यांदेखत म्हणाले, घरात नाही तर नाही, मास्तरांच्या फळ्यावर तरी बांगडी आली. सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

२४ जुलै

इंद्रभान आला होता. अन्नपूर्णेचा धाकटा भाऊ. कागद घेऊनच आला — फारकतीचा. आमच्या जातीत पंचांपुढे असा कागद झाला की दोघं मोकळी. मी मुलांना फारखती शिकवतो ती हीच, हे आज प्रथम लक्षात आलं. माझ्या सहीची जागा, पाच पंचांच्या सह्यांची जागा. तिच्यासाठी जागाच नाही!

तिचं म्हणणं काय, मी विचारलं.

इंद्रभान बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "भाऊजी, वीस वर्षं तुमच्या घरात राह्यली. तवा इचारलं होतं काय, तिचं म्हननं काय म्हून?"

मी एवढंच म्हणालो की या कागदावर खाली तिच्या हातची निशाणी हवी. बांगडी काढली तरी चालेल. त्याशिवाय मी सही करणार नाही.

"आता हे काय नवीन? काऊन अडून राह्यले तुम्ही? ते ना इकडची ना तिकडची."

कागद घेऊन गेला. वाईट माणूस नाही. जाताना अंगणातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालून गेला. ती सुकली आहे हे मला दिसलं नव्हतं.

२५ जुलै

खरं लिहायचं तर — निशाणी मागितली ती न्याय म्हणून, की दिवस काढायला?

दोन्ही. दुसरं जास्त.

२ ऑगस्ट

आज 'कौल'. उजाड झालेल्या गावात रयतेने परत येऊन वसावं म्हणून राजाने दिलेला अभयाचा शब्द. मी तिला काय कौल देणार? पोस्टकार्ड लिहायला बसलो. 'परत ये' एवढं लिहिलं आणि फाडलं. तिला वाचून दाखवणार इंद्रभानच.

ती गेली तेव्हाची वही काढून पाहिली. दिवाळी होऊन महिना झाला, तिला न्यायला कोणी गेलं नव्हतं. आमच्याकडे सासरचं माणूस न्यायला जातं, मगच बाई निघते. माझ्या घरात मीच एकटं माणूस. आणि मी लिहून ठेवलं आहे — 'न्यायला जाणं म्हणजे बळजबरी. तिची इच्छा असेल तर ती येईल. तिला मोकळीक द्यावी.'

किती उदार वाटलं होतं हे लिहिताना! अक्षरसुद्धा वळणदार आहे.

७ ऑगस्ट

लोणारहून काही नाही.

९ ऑगस्ट

काही नाही. निशाणी करायला तिचा हात उठत नसेल. असं मनात येतं आणि बरं वाटतं. मग बरं वाटल्याची लाज वाटते.

११ ऑगस्ट

खोली झाडली. तिच्या बाजूची खुंटी पुसली.

१४ ऑगस्ट

अन्नपूर्णा आली. एकटी, दुपारच्या मोटारीने. फारकतीचा कागद सोबत, खाली एकही सही-निशाणी नाही. म्हणाली, "भावाजवळ नका सांगू. मले इचारा."

मी विचारलं, येतेस का परत?

तिने कागद माझ्यापुढे पसरला. मग म्हणाली, "तवा न्यायले आले असते तं आली असती. संक्रांतीपस्तोर गाठोडं बांधून ठेवलं होतं म्या."

माझाच टाक घेतला, गोल काढला.

तिच्या खाली मी सही केली.