मुनीम उपाशी आहे

सोमवार, ११ ऑगस्ट
धुळं गळतंय. जळगावात खेळणारे टिकून आहेत, धुळ्यातले रोज कमी होतायत. प्रेमराजभाऊ सकाळीच टेबलाशी येऊन उभे राहिले. "शीतल, महिनाअखेर सावरलं नाही तर धुळ्यात खेळ बंद. आणि धुळं तुझ्याकडे आहे." म्हणजे धुळ्याबरोबर मीही घरी. हे ते बोलले नाहीत, पण मालक माणूस सगळं कशाला बोलेल!

आमच्या खेळाचं नाव 'जीव लावा'. फोन डोळ्यांसमोर धरला की खऱ्या रस्त्यावर एखादा जीव बसलेला दिसतो — पुलावर, चौकात, बाजार समितीच्या फाटकात. एक पाळायचा, नाव ठेवायचं, रोज त्याच्या जागेपर्यंत चालत जाऊन चारा घालायचा. सुरुवातीला लोक वेड्यासारखे फिरतात. मग कंटाळतात. त्यांना कंटाळू न देणं हे माझं काम. फैजपूरला आई अजून शेजारणींना "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगते.

मंगळवार, १२ ऑगस्ट
धुळ्याला जाऊन आले. पांझरेच्या काठी सकाळी फिरणारा एक घोळका आहे, बहुतेक सगळे मारवाडी व्यापारी, सगळे आजोबा. म्होरके नेमीचंदकाका, कापडाचं दुकान. साखर आहे म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे गादीवरून हलेनात. शेवटी सुनेने, भूमिकाने, फोनमध्ये आमचा खेळ घालून दिला. आता एक दिवस चुकवत नाहीत आणि बाकीच्यांनाही ओढून आणतात.

त्यांच्या जीवाचं नाव मुनीम. निळा, ढेरपोट्या, पुलाच्या कठड्यावर बसलेला. "हिशेब येत नाही त्याला, पण हजेरी पक्की," म्हणाले. मला फार आवडले काका. धुळं उभं आहे ते या घोळक्यावर, हे भाऊंना सांगितलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट
भाऊंची नवी शक्कल. तीन दिवस चारा मिळाला नाही की जीव मरणार. मी म्हटलं, लोकांना वाईट वाटेल. "वाटू दे ना. ओढीने कोण येतं? धास्तीने येतात."

आदल्या दिवशी फोनवर जायचा निरोप मी लिहिला: 'आज आला नाहीत तर तुमचा जीव जाईल.' आटोपशीर आहे. स्वतःवर खूश झाले.

सोमवार, १८ ऑगस्ट
धुळ्यात खेळणाऱ्यांचा आकडा वर. भाऊंनी सगळ्यांना कचोरी खिलवली.

रविवार, २४ ऑगस्ट
पर्युषण चालू आहे हे माझ्या ध्यानातच नाही! जळगावात एवढी वर्षं काढली, निम्मा सराफ बाजार ओळखीचा, तरी नाही. काकांनी आठ दिवस मोबाइलचा त्याग घेतलाय. जैन स्थानकात जातात, महाराजांचं व्याख्यान ऐकतात, घरी येतात. फोन भूमिकाकडे.

तिच्या हातात माझा निरोप पडला. वर खेळाचं नाव असतं, पण ते कोण वाचतं! 'आज आला नाहीत तर तुमचा जीव जाईल.' तिला वाटलं, कुणीतरी बाऊजींना धमकी देतंय. दुकानाचं शटर खाली, नवरा आणि दीर दारात, काकांना स्थानकातून चौघांच्या मध्ये घालून आणलं. पोलिसात निघणार तोवर कुणाच्या तरी लक्षात आलं.

तिने आज फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. ती म्हणाली, "ताई, हसू नका. मुनीम खरंच मेला ना पण?"

बघितलं. मेला होता.

सोमवार, २५ ऑगस्ट
काकांना कळलं. त्यांनी तेला धरलाय — तीन दिवसांचा उपवास, फक्त उकळलेलं पाणी. साखर असलेला माणूस! भूमिका घाबरलीय. म्हणाली, "पर्युषणात माझ्या हातून जीव गेला, एवढंच म्हणतात."

"अहो, चित्र आहे ते."

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, मग चित्राला रोज चारा का घालत होतो?"

फोन ठेवल्यावर रडू आलं. काकांना काही झालं तर? आणि ती ओळ माझी आहे, भाऊंची नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट
भाऊंशी भांडले. पहिल्यांदाच. ते म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं. धुळं गेलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

संध्याकाळपासून नवा नियम. जीव मरत नाही. आपल्याला जायला जमलं नाही तर दुसऱ्या खेळणाऱ्याकडे तो सांभाळायला देता येतो. मेलेले सगळे उठवले. मुनीम पुन्हा कठड्यावर.

त्याला पुलाजवळच्या रिक्षा स्टॅन्डवरच्या रोहिदासने घेतला. मुनीम आपल्याजवळ आहे, काळजी नको, असा काकांसाठी अहिराणीत निरोप ठेवलाय, "शेटजी, तुमना जीव मनाजोडे शे. कायजी नका करा." भूमिकाने तो वाचून दाखवला. काकांनी उपवास मात्र सोडला नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
पारणं झालं. काका ठीक आहेत. दुपारी त्यांचाच फोन — "मिच्छामि दुक्कडं, बेटा. जाणता अजाणता तुमचं मन दुखवलं असेल तर क्षमा करा." माझी क्षमा मागत होते!

धुळं जोरात आहे. अनोळखी माणसं एकमेकांचे जीव सांभाळतायत. एका नव्या नवऱ्याने बायकोला लिहिलंय, 'माझा जीव तुझ्याकडे'. आमच्याच खेळात, सगळ्यांना दिसेल असं! भाऊ म्हणाले, "धुळं वाचलं." मग माझी नोकरीही वाचली. आज शांत झोप लागेल.

रविवार, ३१ ऑगस्ट
सकाळी काकांचा निरोप. "बेटा, मुनीमला सोडला. आमच्या सर्वांनी आपापले सोडले. कोणाला बांधून ठेवणे बरे नव्हे. फिरायला रोज जातो, रोहिदास पण येतो. आता तुम्ही पण आम्हाला सोडा."

खेळ सोडणाऱ्यांना परत बोलावणारे निरोप आपोआप जात राहतात. ऑफिस उघडून बसले आणि घोळक्यातलं एकेक नाव त्यातून काढलं. उद्या भाऊंना आकडा दिसेल.