कस्तुरीचं दावं कुंपणाच्या आत

पेठजवळचा पाडा,
२० ऑक्टोबर १९८३

ती. आक्कांना,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? सातपूरच्या धुराने भाऊजींचा खोकला वाढला असेल, म्हणून अडुळशाचा पाला पाठवते आहे. (आमच्या डोंगरावरचाच आहे, आणि हे पत्रही त्या डोंगराबद्दलच आहे.)

सात वर्षांपूर्वी मी इथल्या शाळेत आले, तेव्हा हा डोंगर बोडका होता. शेजारची ठमाबाई आणि मी दारोदार फिरून तिथली कुऱ्हाड आणि चराई बंद करवली, काट्यांचं कुंपण घातलं. आधी निलगिरी लावली; तिच्याखाली गवतसुद्धा उगवेना. मग ठमाबाईला आठवत होती ती इथलीच झाडं, ऐन, हिरडा, आपटा, करवंदाच्या जाळ्या, यांच्या बिया टोकल्या. गवत आलं, गवतात ससे आले, मग भेकरं आली. मी वर्गात हे कौतुकाने सांगत असे. (भेकरामागून कोण येतं, ते मुलांना ठाऊक होतं. बाईंना नव्हतं.)

तुमच्या क्वार्टरात शेळी ठेवू देत नाहीत, म्हणून तुम्ही कस्तुरी माझ्याकडे दिलीत. दर पत्रात विचारता, अंगाने भरली का? आक्का, दुसऱ्यांच्या शेळ्यांवर ओरडणारी मी, शाळा सुटली की कस्तुरीला गुपचूप कुंपणाच्या आत बांधत होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आणायला गेले, तर नुसतं दावं. जाळीत पिवळ्या अंगावर ठिपके, आणि दोन डोळे माझ्याकडे लागलेले. मनात आलं ते एवढंच, की ज्याचं घर आपण सात वर्षं सारवलं तो राहायला आला, आणि त्याच्या दारात शेळी मीच बांधून ठेवली.

शेळ्या राखणारा मल्हारी तिथे पडलेलं ते दावं घेऊनच पाड्याच्या सभेला आला. "बाई, आमची शेळी नाय चालत, तुमची चालते व्हय?" सगळे हसले, मला हसता आलं नाही. मग तो हळूच म्हणाला, "उद्या पोर नेलं तर? जाळी तोडू, पिंजरा आणू." त्याचं घर कुंपणाला लागून आहे; त्याला चूक कसं म्हणू? तेव्हा ठमाबाईने जुनी रीत काढली. वाघाने (बिबट्यालाही इथे वाघच म्हणतात) जनावर नेलं, तर धन्याने दिवाळीतल्या वाघबारशीला वाघदेवापुढे 'दिली' म्हणायचं. म्हटलं, तर वैर संपलं, जाळीला हात लावायचा नाही. नाही म्हटलं, तर कोयता. सगळे माझ्याकडे बघू लागले. एक शब्द तर बोलायचा होता, पण दाव्यानंतर पुन्हा खोटं बोलवेना. सांगितलं, शेळी माझ्या नणंदेची आहे.

ठमाबाई म्हणाली, "मंग गेली जाळी." (तुम्ही आपलं काही सोडत नाही, ही कीर्ती माझ्यामुळेच इथवर पोचली आहे. क्षमा असावी.)

तुमची,
चंद्रभागा

ता. क. सोबत पोस्टकार्ड आहे. पत्ता घातला आहे, 'शेळी दिली' हेही लिहिलं आहे. फक्त सही करून वाघबारशीच्या आत पोचेल असं टाकावं.

ता. क. २. मल्हारीच्या घराभोवती आम्ही उंच कूड घालतो आहोत. पहिला खड्डा मी खणला. कस्तुरीची पाट, म्हणजे तिचं मादी करडू, माझ्या स्वयंपाकघरात सुखरूप आहे. सही केली नाहीत तरी ती तुमचीच.

ता. क. ३. सही करताना जीव हळहळला, तर हळहळू द्यावा. तरुणपणी ठमाबाईच्या दोन शेळ्या वाघाने नेल्या होत्या. दोन्ही वेळा ती रडतच 'दिली' म्हणाली.