एकवीस गेमसाठी जागा

१२ मार्च, बुधवार. सकाळी ६.४०
कन्सोलवर नोटीस. या जुन्या मशीनचं ऑनलाइन स्टोअर ३१ मार्चला संध्याकाळी सहाला कायमचं बंद. विकत घेतलेलं जे असेल ते त्याआधी उतरवून घ्या, नंतर मिळणार नाही.
माझे एकवीस क्लासिक गेम तिथे पडून आहेत. सेल लागला की घेत गेलो, डाउनलोड एकही केला नाही. त्यात तो विमानाचाही आहे. ९३ साली नाशिकला शालिमारच्या व्हिडिओ पार्लरमध्ये, कॉलेज बुडवून, मी तो सहाव्या स्टेजपर्यंत नेला होता. पोरं माझ्यामागे उभी राहून बघायची.
लागणारी जागा नऊ जीबी. रिकामी जागा एक पॉइंट दोन.
घाबरण्यासारखं काही नाही. सिन्नरला कंपनीचं स्टोअर बावीस वर्षं सांभाळतोय. साडेचार हजार आयटम, एक नट इकडचा तिकडे नाही. जागा काढणं हे माझंच काम. रविवारी अर्ध्या तासात उरकेल.

१३ मार्च, गुरुवार
डिस्पॅचच्या शाहनवाजला सांगितलं. म्हणाला, दिनेशभाई, मेमरी कार्ड टाका, विषय संपला. मी म्हटलं, आहे ती जागा नीट न वापरता नवीन रॅक मागवणारा स्टोअरवाला मी नव्हे. तो चलनं चाळायला लागला. पटलं असावं.

१६ मार्च, रविवार
दोन तास बसून जुने स्क्रीनशॉट उडवले. वेदिका पुण्याला नोकरीला गेली, कन्सोल इथेच राहिला, त्यामुळे कचरा तिचाच. मिळालेली जागा: ऐंशी एमबी.
भाग्यश्रीने तीनदा येऊन विचारलं, टीव्ही कधी मोकळा होणार? आश्चर्य आहे. दुपारी तर ती झोपते.

१७ मार्च, सोमवार
मेन रोडवरून कार्ड आणलं. ५१२ जीबी. शाहनवाजला सांगितलेलं नाही.
एवढं मोठं कार्ड चालायला कन्सोलला अपडेट हवा. अपडेटला दोन जीबी मोकळी हवी. म्हणजे जागा नाही म्हणून कार्ड, कार्डासाठी अपडेट, अपडेटसाठी जागा. हे ज्याने बनवलं त्याने आयुष्यात गोडाऊन पाहिलेलं नाही.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी
सुट्टी. सगळं नाशिक रहाडीच्या रंगीत पाण्यात उड्या मारतंय. भाग्यश्री शेजारणींबरोबर रंग खेळायला गेली. मी पडदे ओढून कामाला बसलो.
सापडलं! शेतीचा कसलासा गेम, एकटाच चौदा जीबी अडवून बसलाय. वेदिकाचा असणार. ती जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं हलला नाही तो माल डेड स्टॉक, हा कंपनीचा नियम आहे. डिलीट.
मशीनने विचारलं, सेव्ह डेटापण काढायचा? काम करायचं तर पुरतं करायचं. हो म्हटलं. पुन्हा विचारलं, नक्की? परत मिळणार नाही. मी म्हटलं, नक्की.
पंधरा जीबी मोकळी! विमानाचा गेम लगेच उतरवला. नेट फार स्लो आहे, बाकीचे वीस रविवारी निवांत. अपडेटही करून टाकला.
रहाडीत उडी मारून येणाऱ्यांना तरी काय मिळतं यापेक्षा.

२० मार्च, गुरुवार. रात्री ८

संध्याकाळी घरी आलो तर भाग्यश्री टीव्हीसमोर. हातात रिमोट, म्हणजे कन्सोलचा कंट्रोलर. तो तिला धरता येतो हे मला माहीत नव्हतं. तिने विचारलं, अहो, माझं शेत कुठे गेलं?
मी म्हटलं, कुठलं शेत?
मग तिने सांगितलं. सासूबाई, म्हणजे तिची आई, गेल्या त्या वर्षी वेदिकाने तिला तो गेम शिकवला. तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार. तीन वर्षं. कळवणचं माहेर भावांनी विकलं ना, ते तिने तिथे पुन्हा बांधलं होतं. घर, विहीर, गोठा, दाराशी झाड. गाय होती. गाईचं नाव गोजरा.
मी म्हटलं, गोजरा? सासूबाईंचं नाव गोजराबाई.
हो, म्हणाली. दुसरं कशाला ठेवीन?
मी म्हटलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम झाला असणार. काल लाइट जात येत होती.
ती रडली नाही. उठली, कुकर लावला, मला वाढलं. माझ्याकडे बघितलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार
जेवणाच्या सुट्टीत वेदिकाला फोन. तिला सगळं खरं सांगितलं. म्हटलं, हल्ली सगळ्याची कॉपी वर कुठेतरी राहते ना? म्हणाली, राहते, सबस्क्रिप्शन चालू असेल तर. ते डिसेंबरमध्ये तुम्हीच बंद केलंत बाबा. कोण वापरतंय म्हणालात.
मग म्हणाली, आईला खरं सांगा.
सांगणार आहे. योग्य वेळ बघून. आत्ता सांगून तिला उगाच त्रास.

२२ मार्च, शनिवार
भाग्यश्री सकाळच्या एसटीने देवळ्याला बहिणीकडे गेली. चार दिवसांनी येते म्हणाली. भांडून गेली नाही. भांडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
निश्चय: ती यायच्या आत शेत होतं तसं करून ठेवणार. तिला तीन वर्षं लागली, पण ती रोज दोनच तास बसायची. मी सलग बसेन. कंपनीत कळवलं, सासरी अडचण आहे. खोटं नाही.
शेतीचा गेम पुन्हा उतरवला. चौदा जीबी पुन्हा गेली. त्याला जागा पुरेना, म्हणून विमान काढावं लागलं. कार्ड घातलं तर मशीन म्हणतं, हे कार्ड वाचता येत नाही. शाहनवाजला फोटो पाठवला. उत्तर आलं: डुप्लिकेट. आणि एक हसणारं तोंड. दुसरं आणायची ताकद नाही.

२३ मार्च, रविवार
सलगम लावले. पंधरा. विहीर खणायला दगड लागतात, दगड फोडायला ताकद लागते, ताकदीला जेवण लागतं, जेवणाला पीक लागतं. दुपारी बेशुद्ध पडलो. गेममध्ये. कोणीतरी उचलून घरी आणून टाकलं.

२४ मार्च, सोमवार
काल पाणी द्यायचं राहिलं. सात सलगम वाळले.
मुख्य अडचण वेगळी आहे. घर कुठे होतं, विहीर कुठे, मला माहीत नाही. खऱ्या कळवणच्या घरी पंचवीस वेळा तरी गेलो असेन. आठवते ती ओसरी, जिथे मला पाट मांडायचे, आणि आमरस.
संध्याकाळी तिला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या दाराशी कसलं झाड होतं गं?
सीताफळ, म्हणाली. का?
म्हटलं, सहज. आणि विहीर?
कुठली, म्हणाली. घरामागची की खालच्या अंगाची?
मग बोलत सुटली. खालच्या विहिरीला पायऱ्या होत्या, तिसरी तुटकी होती. आई गाईला नावाने हाक मारायची नाही, नुसती जीभ वाजवायची, आणि गाय यायची. अकरा मिनिटं बोलली. मी पाठकोऱ्या चलनावर सगळं लिहून घेतलं.
लग्नाला चोवीस वर्षं झाली. विहिरी दोन होत्या हे आज कळलं.

२५ मार्च, मंगळवार
गेममध्ये सीताफळ नाही. आंबा नाही, चिंच नाही. सफरचंद, चेरी आणि पीच. मग तिने सीताफळ म्हणून काय लावलं होतं? सबंध सकाळ याच विचारात. चेरी लावून पाहिली. कळवणला चेरी! उपटली.
उद्या ती येणार. शेतात आठ सलगम, एक विहीर, तीही बहुतेक चुकीच्या बाजूला. गाय मात्र मिळाली. माझ्याकडे पाठ करून उभी राहते.
दुपारी पुन्हा फोन केला. तिने उचलला आणि आधी विचारलं, कामावर आहात का घरी?
घरी, म्हटलं. आणि मग तोंडातून निघूनच गेलं. व्होल्टेज नव्हतं. मी होतो. मला माझ्या गेमसाठी जागा हवी होती.
पलीकडे कोणीतरी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होतं. मग म्हणाली, माहीत होतं मला.
कसं, म्हटलं.
व्होल्टेजने एकच गेम जातो का, म्हणाली, आणि फोन ठेवला.

२६ मार्च, बुधवार
पाचच्या गाडीने आली. चहासुद्धा होऊ दिला नाही मी, टीव्हीसमोर बसवलं. शेत दाखवलं. ही विहीर, हे घर, झाडाची जागा सोडून ठेवलीये तू सांगशील ते लावायला. आणि ही बघ गोजरा.
ती बघत राहिली. मला वाटलं, हसणार.
म्हणाली, ही माझी नाही. काढून टाका.
मी म्हटलं, अगं, चार दिवस खपलोय.
हो, म्हणाली. म्हणूनच सांगतेय. ठेवलं तर मला तुमचे ते चार दिवस रोज बघायला लागतील.
मी त्या शेताच्या डिलीटपर्यंत गेलो. मशीनने विचारलं, नक्की? परत मिळणार नाही. माझा अंगठा हलेना. पहिल्या वेळी काय सहज दाबला होता. शेवटी तिने माझ्या हातातून कंट्रोलर घेतला आणि स्वतः दाबलं.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.१०
ईदची सुट्टी. शाहनवाजचा दोनदा फोन, शिरखुर्मा खायला या म्हणून. गेलो नाही. पन्नास मिनिटं राहिलीत.
मशीनमध्ये तिचा शेतीचा गेम आहे, आत काहीच नाही. नुसता गेम. तो काढला तर निदान पाच-सहा तरी उतरतील. स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, काढू का? नंतर परत घालता येणार नाही, स्टोअर बंद होतंय.
ती काकडी चिरत होती. तुमची मर्जी, म्हणाली.
परत येऊन बसलो.

६.२०
नाही काढला. उरलेल्या जागेत एकटं विमान बसलं. बाकीचे वीस गेले. सहा वाजता स्टोअरचं पान उघडलं तर नुसती करडी पाटी.
पण विमान आहे. खरं तर मला तेच हवं होतं. बाकीचे मी कधी खेळलोच नसतो.

६.४५
खेळलो. पहिल्या स्टेजला तीनदा मेलो. एकूण अकरा मिनिटं. अंगठा दुखतोय. पार्लरमधला दांडा वेगळा होता, त्यामुळे असेल. उद्यापासून रोज अर्धा तास सराव.

६ एप्रिल, रविवार
सराव झाला नाही.
दुपारी हॉलमध्ये आलो तर भाग्यश्री कन्सोलसमोर. नवीन शेत. वेगळीच जागा घेतलीये, नदीकाठची, घर अजून नाहीच. कन्सोलवरच्या आपल्या नावावर तिने पिन टाकलाय, चार आकडी.
विचारलं, पुन्हा कळवणच का?
नाही, म्हणाली.
मग शेताचं नाव काय ठेवलंस?
तुम्हाला कशाला?
बरोबर आहे. म्हटलं, बसू का इथे?
बसा, म्हणाली. हात लावू नका.
दोन ते साडेचार बसलो. फार भराभर खेळते. कधी कुठे पाणी द्यायचं सगळं पाठ आहे. एकदा माझ्याकडे न बघता पाणी मागितलं. मला वाटलं गेममधलं. पिण्याचं होतं. आणून दिलं.