मुसळीची जागा

१० सप्टेंबर
सुनंदा चंद्रपूरहून आली. नात माझी. कॉलेजात शिकते, अन् ती धरून पाचपन्नास जणं मिळून कॉम्प्युटरवर शोधलेखाचं मासिक छापायची सोय बनवतात. मालक नाई, दाम नाई, ज्याले चूक दिसली त्यानं दुरुस्त करायची. म्या म्हटलं, "गावची विहीर म्हण ना. पाणी सारे भरतात, गाळ कोण काढते?"
"आमीच काढतो, आजी." डोळे पाहा कसे खोल गेले पोरीचे.
जंगलातल्या मुसळीची, त्या औषधी मुळीची, मी सांगतलेली माहिती त्याच्यातच छापून आली. माझं नाव पयले. फारम भरतानी संस्थेचा रकाना रिकामा ठेवला तं पुढं सरकेना, म्हणून सुनंदाले ग्रामसभा लिहायले सांगतलं. म्या ग्रामसभेले इचारलं नाई. कंटाळा केला.

१९ सप्टें.
डोंगरावर गेली. झऱ्यावरची मुसळी साफ. आपण बी पडल्यावर खोदतो, मुळीचं डोकं परत मातीत पुरतो. कोणीतरी हिरवीच उपटली. शांताबाईनं दोघं मोटरसायकलवाले पाह्यले, मोबाईलात पाहू पाहू वर चढत होते. लेखात झरा लिहिला हाय. सांगणारी मीच. कौतुक झालं अन् तोंड सुटलं.

२० सप्टें.
सुनंदाले फोन. "पुसून टाक."
"छापलेलं पुसता येत नाई, आजी. नवीन टाकता येते, जुनं दिसतच राह्यते. मागून कोणी लबाडी करू नये म्हणून आमीच तसं बनवलं."
"मोठे शहाणे! मंग जागा झाकायची सोय बनवा."
गटात मांडते म्हणे. सारे हो म्हटल्याशिवाय बदल होत नाई.

२७ सप्टें.
ग्रामसभेत सोताच सांगतलं. लोकं आपसातच कुजबुजले. शिव्या देल्या असत्या तं बरं.
सभा चालवणाऱ्या समरूभाऊनं ठराव मांडला: जंगलातलं आता कोण्याच लिहिणाऱ्याले सांगायचं नाई. नातीलेबी नाई. साऱ्यायचे हात वर. माझा खालीच. आपल्या इथी एकजण नाई म्हटला तरी ठराव अडते.
समरूभाऊ म्हणे, "बाई, चूक तुमची, अन् आडव्याबी तुमीच?"
"हो. सुनंदाले नाई सांगतलं तं माझ्यासंगच जळन सारं."
पुढच्या सभेवर टाकलं.

४ ऑक्टो.
सकाळी सुनंदा फोनवर. झाकायची सोय बनली, पण गटात एकजण आडवा. "काय करू, आजी? थकली मी."
"त्याले भेव कायचं हाय?"
"म्हणते, उद्या कोणीबी कायबी झाकन."
मेल्याचं चुकीचं नाई.
आज सभा. समरूभाऊ न्यायले आला, अंगणात बसून हाय. म्या म्हटलं, चहा घ्या पयले. घाई काऊन करता? तुमाले भेव कायचं हाय, ते सांगा.