साहेब, उठवाल ना?

तीर्थरूप आईस,
पनवेलहून कुंदनचा नमस्कार.

माझं इथे बरं चाललंय. तू दिलेली सुकी करंदी पुरवून खातोय.

हायवेवर ट्रक तपासतो, ड्रायव्हर किती तास चालवतोय ते लिहून घेतो. परवा एका काकांचे डोळे तांबारले होते. गाडी बाजूला लावायला सांगून म्हटलं, "दोन तास झोपा, मग निघा." त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, उठवाल ना?"

उठवायला गेलो, तर अंग गार पडलेलं. सगळे म्हणतात, तू बरोबरच केलंस.

रूमवरचा एलियाहू तेवढा वैतागलाय. तो झोपला की मी त्याला हलवून बघतो.

बाबा अजून दुपारी ओटीवर झोपतात ना? झोपू दे. फक्त मधूनमधून हाक मारत जा. त्यांनी ओ दिली की मला फोन कर.

तुझा,
कुंदन