निखळलेला जबडा आणि इंग्रजीचा पेपर

थोरल्या दादास,

धाकट्या सूछिनचा, इतक्या दुरून जमेल तेवढा वाकून नमस्कार. (फार वाकवत नाही. गावभरच्या कंबरा मी सरळ करते, पण माझी कंबर मला स्वतःला दाबता येत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या हातात ती द्यायची माझी हिंमत नाही.) तिकडे मेलबर्नला आता गारठा सुरू झाला असेल. गुडघा सांभाळ. आल्याचा शेक दे, आणि ती दुकानातली निळी मलमं चोळू नकोस, त्यांनी फक्त वास येतो. वहिनींचा दमा कसा आहे? हॉटेल बरं चाललंय ना? इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मी संतापलेली आहे.

हे फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर मी तोंड उघडलं की तू ‘शांत हो, शांत हो’ सुरू करतोस, आणि मग वहिनी फोन ओढून घेऊन सुनेच्या बाळंतपणावर येतात. पत्राला मध्येच कुणी शांत हो म्हणत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुला ठाऊकच आहे की आमच्या सरकारी वैद्यकीच्या दवाखान्यात बायकांना पंचावन्नला घरी पाठवतात. वरची पदवी, म्हणजे बढतीचा हुद्दा, असली तर साठपर्यंत ठेवतात. मला यंदा त्रेपन्न लागलं. माझे हात अजून थरथरत नाहीत, निखळलेलं मनगट मी डोळे मिटून बसवते, आणि डोंगरातली माणसं दोन बस बदलून माझ्याकडे येतात. पण वरच्या पदवीसाठी हात तपासत नाहीत. इंग्रजी तपासतात! व्याकरण आणि उताऱ्याचं वाचन. आता तूच सांग, जखडलेल्या खांद्याला मी इंग्रजीत काय विचारू? आमच्या तालुक्यात आजवर एकच गोरा आला, सायकलवर बसून, आणि तोही घाटात पडला म्हणून थांबला. मी त्याचा हात बसवला तेव्हा तो जो ओरडला तो अगदी आपल्या सिच्वान प्रांताच्या बोलीत ओरडला. मग तो ‘थँक्यू’ म्हणाला, मी पण ‘थँक्यू’ म्हटलं. माझ्या उभ्या जन्मात इंग्रजीची गरज लागली ती एवढी.

आणि तू! वीस वर्षं इंग्रजांच्या भर वस्तीत बसून बदकं कापतोयस, ‘यस’, ‘नो’ आणि ‘मिरची जास्त?’ एवढ्या भांडवलावर पोरं शिकवलीस, घर घेतलंस. तुला कुणी विचारलं का रे, ‘द’ कुठे लावायचा? आणि वर मला सल्ला देतोस, ‘तायडे, सोपं आहे गं, रोज दहा शब्द पाठ कर.’ तो सल्ला मी विसरलेले नाही.

सोपं! त्यांचा तो शेपटीचा ‘एस’ बघ. एकटा माणूस भात खातो तेव्हा एस खाण्याला लागतो. दहाजण पंगतीला बसले की तोच एस खाण्यावरून उठून माणसांना जाऊन चिकटतो. म्हणजे घरात शेपूट एक, ज्याला गरज पडेल त्याने लावून जायचं, असा दरिद्री कारभार. आपल्याकडे ‘काल’ म्हटलं की काल झालं, विषय संपला. त्यांचं तेवढ्यावर भागत नाही. क्रियापदालाही काल झाल्याची खूण हवी, आणि ती प्रत्येकाची निराळी. जे काल सुरू झालं, आज चालू आहे आणि कधी संपेल ते सांगता येत नाही, त्याला आणखी वेगळी खूण. (माझं इंग्रजी त्या काळात मोडतं.) आपल्या बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ दोघंही ‘था’; त्यामुळे मी घाईत सगळ्या पुरुषांना बायका करून टाकते. आमचे शिकवणीवाले शिंग मास्तर एकदा भर वर्गात मला म्हणाले, “मियाओ बाई, मला घरी बायको आहे. मलाच बायको नका करू.”

आणि तो ‘द’. गाय पहिल्यांदा आली की साधी गाय, दुसऱ्यांदा आली की ‘द’ गाय. बरं, तेही सोसलं. पण दवाखान्यात पेशंट म्हणून गेलं तर ‘द’ लागत नाही आणि कुणाला भेटायला गेलं तर लागतो, असं मास्तरांनी सांगितलं. मी विचारलं, मी तर रोज जाते, तरणी होते तेव्हापासून जाते, मी कशी जाते? मास्तर फळा पुसत म्हणाले, तुम्ही बसने जाता, बसा खाली.

हे शिंग मास्तर दर रविवारी धान्याच्या जुन्या दुकानाच्या माडीवर शिकवतात. शिकवतात म्हणजे काय, युक्त्या देतात. चार उत्तरांत तीन लांब आणि एक आखूड असेल तर आखूड घ्या. तीन आखूड, एक लांब असेल तर लांब घ्या. काहीच सुचेना तर ‘क’. उतारा वाचू नका, वाचण्यात वेळ जातो! वर्गात सगळे आमच्यासारखेच पिकलेले. कालव्यांचे इंजिनियर, बालवाडीच्या बाई, आणि माझ्या शेजारच्या बाकावर पशुवैद्य च्वांग. च्वांग म्हणजे डुकरांचा डॉक्टर, अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. त्यालाही वरची पदवी हवी, म्हणून डुकरांना सोडून इंग्रजी. तो युक्त्या पटापट लिहून घ्यायचा. मी नाही घेतल्या. मी म्हटलं, हाड अंदाजाने बसवत नाहीत, मी उताराही अंदाजाने वाचणार नाही. रोज जेवणं झाली की मी विटेएवढी डिक्शनरी मांडीवर घ्यायचे, आणि आमचे हे समोर तिघांना जमवून माजाँगच्या सोंगट्या खडखडवत बसायचे. एकदा म्हणाले, “तुझं इंग्रजी जरा मनातल्या मनात वाच, आमचा डाव चुकतो.” मी डिक्शनरी टेबलावर आपटली. चारही डाव चुकले.

पण खरा छळ उताऱ्यांचा. खाली विधानं देतात आणि प्रत्येकाला तीनपैकी एक ठरवायचं: ‘बरोबर’, ‘चूक’ किंवा ‘उल्लेख नाही’. गेल्या वर्षी उतारा आला कंबरदुखीचा! मला वाटलं, पूर्वज पावले. उताऱ्यात लिहिलं होतं की कंबर दुखली की महिनाभर सपाट झोपून राहावं. अरे, महिनाभर झोपवलं तर कंबर वाळल्या मुळ्यासारखी होईल! मी ठणकावून ‘चूक’ असं लिहून आले. मार्क गेला. मास्तर म्हणाले, बाई, कंबरेचं खरं काय ते कुणी विचारलंय? उताऱ्यात काय आहे ते विचारलंय. त्या वर्षी मी दोन मार्कांनी पडले. बाहेरच्या देशातला कुणी माणूस काहीही लिहितो, आणि मी त्याला मान डोलवावी म्हणजे माझी पदवी!

आता यंदाचं ऐक. परीक्षा एप्रिलमध्ये, जिल्ह्याच्या शाळेत. उजाडायच्या बसने आम्ही सगळे गेलो. माझ्या पुढच्या बाकावर च्वांग. पर्यवेक्षक बाई चष्मा दोरीने गळ्यात बांधलेल्या, चालताना बुटांचा आवाज होऊ न देणाऱ्या. (अशा बायकांपासून मी लहानपणापासून जपून असते.) पेपर बरा चालला होता, दादा. शपथेवर सांगते, यंदा बरा चालला होता. मी शेवटच्या उताऱ्यापर्यंत पोचले होते. तेवढ्यात पुढे च्वांगने जांभई दिली. त्याची जांभई म्हणजे काय, गोठ्याचं दार उघडावं तशी. ती उघडली, आणि मिटेचना.

आधी नुसतं ‘गाऽ गाऽ’ ऐकू आलं. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, “उमेदवारांनी आवाज करू नये.” च्वांग त्यांच्याकडे वळला. तोंड हे एवढं उघडं, लाळ डिक्शनरीवर (ती आत नेऊ देतात), डोळ्यांत पाणी. बाईंना वाटलं, हा आपल्याला वेडावतोय.

“तोंड मिटा!” बाई ओरडल्या.

“गाऽऽ!”

मी बसल्या जागेवरून म्हटलं, “मॅडम, त्याचा जबडा निखळलाय.”

“तुम्ही बोलायचं नाही. खाली बघा.”

“क्षणभराचं काम आहे. मी हाडांची वैद्य आहे.”

“पेपर संपल्यावर बघू.”

पेपर संपेपर्यंत! दादा, तोवर गालाचे स्नायू आखडून दगड होतात. मग तो जबडा बसवायला भूल द्यावी लागते. आणि तो माणूस घाबरून पांढरा पडला होता, हाताने हनुवटी वर ढकलत होता, म्हणजे करू नये नेमकं तेच करत होता. मी उठले. अंगठ्यांना रुमाल गुंडाळला (जबडा बसला की तो मिटतो, आणि मधे आपले अंगठे असतात), त्याचं डोकं मागे माझ्या बाकाला टेकवलं, दाढांवर अंगठे ठेवून खाली दाबलं आणि मागे लोटलं. कट्! बसला. च्वांग म्हणाला, “ताई, जीव वाचवलात.”

या एवढ्या तीन शब्दांवर माझा पेपर काढून घेतला! जागा सोडली, दुसऱ्या उमेदवाराशी बोलले, त्याला हात लावला. मी म्हटलं, हात न लावता जबडा कसा बसवतात ते दाखवा, मी शिकते. बाईंनी दार दाखवलं. आणि च्वांगचा पेपर? तो त्याच्याकडेच राहिला. त्याने जागा सोडली नव्हती ना!

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्याच दिवशी परीक्षा कचेरीत जाऊन उभी राहिले. तिथल्या साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत वाचलं. चिठ्ठी आहे, डोकावणं आहे, खुणा करणं आहे. “जबड्याचा उल्लेख नाही,” म्हणाले.

“म्हणजे माझी चूक नाही ना?”

“उल्लेख नाही, म्हणजे बरोबरही नाही.”

दादा, त्या क्षणी मला कळलं की या परीक्षेचे पेपर कोण काढतं.

त्यांचा संशय असा की च्वांगने मला उत्तर सांगितलं. मग च्वांग स्वतः साक्षीला आला, डुकरांच्या वासासकट. म्हणाला, “साहेब, तोंड उघडं होतं हे खरं. पण बाहेर पडेल असं आत काही नव्हतं.” यावर साहेब हसले, मी नाही हसले. शेवटी निकाल दिला की कॉपी नाही. पण पेपर जिथे काढून घेतला तिथपर्यंतच धरणार.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. मी एका मार्काने पडले. च्वांग पास!

तो संध्याकाळी धुरावलेल्या डुकराची मांडी घेऊन दारात आला. मान खाली. मी विचारलं, शेवटचे प्रश्न कसे सोडवलेस? म्हणाला, “ताई, जबडा इतका ठणकत होता की काही दिसत नव्हतं. सगळीकडे ‘क’ भरलं.” मी त्याचा जबडा परत परीक्षेत होता तिथे नेऊन ठेवणार होते. पण तो म्हणाला, “पदवी तुमची आहे, ताई, लाज मला वाटते,” आणि उंबऱ्यावर बसून रडायलाच लागला. एवढा दांडगा माणूस रडतो तेव्हा त्याला आत घ्यावंच लागतं. मांडी शिजवली. आमच्या ह्यांनी दोन वाट्या भात जास्त खाल्ला आणि म्हणाले, परीक्षेचा एवढा तरी उपयोग झाला. त्यांच्याशी मी तीन दिवस बोलले नाही.

आमचे दवाखान्याचे मुख्य म्हणाले, सूछिन ताई, पुढच्या वर्षी बसा, एकच तर मार्क. मी सांगितलं, नाही बसणार. पंचावन्नला पाठवा घरी. माझ्या दारात एक बाक आणि एक स्टूल टाकीन. ज्याचं हाड मोडेल त्याने यावं आणि आपल्या भाषेत ओरडावं. हे मी रागात बोलत नाहीये. (रागात आहे, पण बोलते आहे ते विचार करून.) शिकवणी सोडली, पुस्तकं बालवाडीच्या बाईंना देऊन टाकली. तेव्हा तू पुन्हा ‘रोज दहा शब्द’ म्हणालास तर बहीणभावाचं नातंच तोडीन. इंग्रजी या घरात संपलं.

वहिनींना नमस्कार, नातवाचा पापा.

तुझी
सूछिन

ता. क. आईबाबांच्या कबरी यंदा मीच झाडल्या. बाबांपुढे तुझ्या वाटचीही दारू ओतली. त्यांना तुझं हॉटेल सांगितलं, माझा निकाल नाही सांगितला.

आणखी ता. क. एक काम आहे, खरं तर त्याच्यासाठीच कागद घेतला होता. तो शेवटचा उतारा मी अर्धाच वाचला होता. बर्फाळ मुलखातली एक म्हातारी असते, एकटी. तिची घोडी रात्री निसटते आणि ओढ्यात पडून पुढचा पाय मोडून घेते. शेजारी बंदूक घेऊन येतो, कारण तिकडे म्हणे मोडलेल्या पायाच्या घोड्याला गोळीच घालतात. म्हातारी बर्फात गुडघे टेकते, घोडीच्या पायावरून हात फिरवते आणि म्हणते, थांब. मी नेमकी त्या शब्दावर बोट ठेवून उठले, च्वांगसाठी. पुढे काय झालं? पाय कुठे मोडला होता, सांध्याच्या वर की खाली? वर असेल तर अवघड आहे, पण खाली असेल तर कामट्या बांधून मी स्वतः बैल उभा केला आहे. मला झोप लागत नाही. तुझ्या हॉटेलात इतके इंग्रज जेवायला येतात, कुणाला तरी विचार. आणि नाहीच कळलं तर घोड्यांच्या गोष्टींचं एखादं इंग्रजी पुस्तक पाठव, चांगलं जाडजूड. डिक्शनरी मी दिलेली नाही.

शेवटचं ता. क. च्वांगला विचारून झालं, शिंग मास्तरांना विचारून झालं, परीक्षेच्या दिवशीच्या बसमधल्या एकूण एक माणसाला विचारून झालं. अर्धीअधिक बस वाचनात पास झाली आहे, दादा. घोडीचं काय झालं ते एकालाही माहीत नाही.